शेवटच्या पंगतीचं वय

आमच्या घरात कोणी उपाशी राहत नाही, हे मी आजवर कुणाच्याही तोंडावर सांगत आले. मला तो हक्कच होता. पंचगंगेच्या काठच्या या मागांच्या गावात त्रेचाळीस वर्षं मी खानावळ चालवते. रोज दुपारी साठ कामगार माझ्या हातचं जेवतात आणि मागावर जाऊन उभे राहतात. मी एक दिवस चूल पेटवली नाही तर निम्म्या गावाचा खडखडाट बंद पडेल. म्हणून देहवयाचं मशीन आमच्या वॉर्डात आलं तेव्हा मी कपाटातली इरकल काढून नेसले आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. कोणी काही बोललं नाही. अक्काला कोण बोलणार.

माझं खरं वय मलाही ठाऊक नाही. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. आमच्या वर्गातली सगळीच पोरं एक जूनला जन्मलेली. चौथीनंतर शाळा सुटली, एक जून तेवढा चिकटून राहिला. त्या कागदाप्रमाणे मी त्रेसष्ट.

मशीन दिसायला मिक्सरएवढं. गालाच्या आत कापसाची काडी मिनिटभर धरायची, काडी नळीत घालायची, नळी मशीनमध्ये. पाव तासाने आकडा येतो. वॉर्डाच्या दवाखान्यातली डॉक्टर आफरीन मुजावर ते चालवत होती. हिचा बाप वीस वर्षं माझ्याकडे जेवला, त्यामुळे तिला डॉक्टरबाई म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"काय गं पोरी, थुंकीतनं वय कसं कळतं? बैलाचे दात बघतात तसं काय?"

"थोडंफार तसंच, अक्का." तिने माझ्या पदराचं सूत बोटात धरून दाखवलं. "शरीराच्या प्रत्येक पेशीत असं एक सूत असतं, लांबच लांब, गुंडाळून ठेवलेलं. ते आईबापांकडून येतं आणि मरेपर्यंत तेच राहतं. पण त्याच्यावर रसायनाचे बारीक ठिपके पडत जातात. दर वर्षी थोडे थोडे. ते मोजले की शरीर किती वापरलं गेलंय ते कळतं."

"म्हणजे डाग."

"डागच म्हणा. पण ते नुसत्या वर्षांनी पडत नाहीत. उपाशीपोटी काम केलं, धूर गेला, झोप मोडली, उद्याचं कसं होणार ही भीती रोज पोटात राहिली, की भराभर पडतात. एकाच दिवशी विणलेली दोन लुगडी घ्या. एक कपाटात ठेवलं, एक रोज दगडावर आपटलं. दोघांची तारीख एकच. पण दहा वर्षांनी हात लावून बघा."

भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता. सूर्यटेकडी, म्हणजे कारखानदारांचे बंगले आहेत तो भाग, हिरवागार. आमच्या गल्ल्या लाल. टेकडीवर साठीच्या माणसाचं शरीर सरासरी शेहेचाळीस वर्षांचं, आणि खाली आमच्यात चाळिशीच्या माणसाचं साठीला टेकलेलं. मध्ये काय, तर एक रस्ता आणि एक फाटक.

माझ्या मागे शिवगोंडा उभा होता. बेचाळीस वर्षांचा, माझ्याकडे रोज जेवणारा मागवाला. त्याचा आकडा आला सहासष्ट.

"शिवगोंडा," मी म्हटलं, "बायको बघत होतास न्हवं? आता म्हातारी बघाय लागंल."

रांग हसली. तोही हसला, पण काडी अजून तोंडातच असल्यासारखा. माझा आकडा त्याच्या आधीच एकावन्न आला होता. बारा वर्षं सूट. मी पदर सावरून सगळ्या रांगेकडे एकदा बघून घेतलं. मुलगा विश्वजित एक्केचाळीसचा, त्याचा आला पंचेचाळीस. ठीक.

मग माझी सून आत आली. प्रणाली, वय छत्तीस. दवाखान्याच्या तीन पायऱ्यांसाठी ती दोनदा थांबली होती. लहानपणी माहेरी तिला सांधे धरणारा ताप आला होता, त्या तापाने तिच्या काळजाची एक झडप आखडली आणि दोन वर्षांपासून तिला दम लागत होता. नवी झडप बसवली नाही तर फार दिवस नाहीत, असं आफरीनने सांगितलेलं. सरकारी योजनेत ती फुकट बसवत होते. मात्र एक अट होती. देहवय पंचावन्नच्या वर नको. त्यावरच्या शरीरात झडप घालून उपयोग नाही, असं योजनेचं म्हणणं. जुन्या धातूच्या झडपा पैसे भरून मिळायच्या. ती वाट टेकडीवर राहणाऱ्यांची.

छत्तीस वर्षांच्या बाईला पंचावन्नची कसली भीती, म्हणून मी आरामात बसले होते.

आकडा आला एकसष्ट.

---

आफरीनने आम्हाला आतल्या खोलीत नेलं. मी आधी मशीनला नावं ठेवली, मग प्रणालीच्या माहेरला.

"तिकडनंच आणलंय सगळं. आमच्यात येताना पोरगी अर्धी वाळलेलीच होती."

आफरीनने पडद्यावर एक कागद आणला. "अक्का, प्रणालीवहिनी कॉलेजात असताना एका पाहणीत मुलींचे नमुने घेतले होते. ते गोठवून ठेवलेले. वहिनींनी परवानगी दिली म्हणून मी तो काढून तपासला. तेव्हा त्यांचं वय एकवीस होतं आणि शरीराचं बावीस. ताप येऊन गेल्यानंतरचं हे. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न झालं."

तिने आजचा कागद त्याच्या शेजारी लावला.

"तुमच्या घरात त्या पंधरा वर्षं आहेत. शरीर एकोणचाळीस वर्षांनी म्हातारं झालंय."

"गल्लीच तसली आहे," मी म्हटलं. "मागाचा आवाज, घाण पाणी. तूच म्हणालीस."

"गल्ली तुम्हालाही तीच आहे. पाणी तेच, आवाज तोच. तुम्ही एकावन्न." तिने कागद बाजूला केला. "वहिनी कधी जेवतात?"

आता हे विचारायचं काय कारण. खानावळीचा एक क्रम असतो. बाराला कामगारांची पहिली पंगत, एकला दुसरी. मग विश्वजित. अडीचला मी. माझं झालं की साडेतीनच्या सुमाराला प्रणाली माझ्याच ताटात बसते. तेवढंच एक ताट कमी घासायला लागतं. सुट्टीच्या दिवशी माझी नात आर्वी आईसाठी थांबून राहायची आणि तिच्याबरोबर जेवायची, तेही मला कौतुकाचंच वाटायचं. धान्य आम्हाला कोट्यावर मिळतं, साठ कामगारांच्या नावावर. घरच्यांचं त्यातच भागवायचं. आणि पहाटे चारला चुलीपाशी प्रणाली बसते, कारण सूतगिरणीच्या कचऱ्याच्या विटा पेटायला वेळ लागतो आणि त्यांचा धूर मला सोसत नाही. मी दाराशी वाऱ्याला बसते. वाढायचं मी, पळी माझी.

हे सगळं मी आफरीनला सांगितलं, ताठ मानेने सांगितलं.

"मी पण सुनेपणी शेवटीच जेवले," मी पुढे म्हटलं.

"किती वर्षं?"

माझी सासू माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी गेली. पळी माझ्या हातात आली तेव्हा मी वीस वर्षांची होते.

"दोन," मी म्हटलं. मग मला राग आला. "कोणीतरी शेवटी जेवणारच की गं. साठ माणसांच्या खानावळीत सगळे एकदम बसतील काय?"

प्रणाली खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या मानेची शीर उडताना मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. ती किती वर्षांपासून उडत होती, कुणास ठाऊक.

---

फेरचाचणी एकदा मिळते. वॉर्डाची सेविका घरी येते, तिच्यासमोर काडी तोंडात धरायची, ती नळी बंद करून शिक्का मारते. सुतावरून माणूस कोण हे ओळखायला कायद्याने बंदी आहे. मशीन फक्त ठिपके मोजतं आणि बाई की पुरुष तेवढं सांगतं. हे मला आफरीनच्या कंपाउंडरने बोलता बोलता सांगितलं. मी घरी येईपर्यंत सगळं ठरवलं होतं.

प्रणाली भाकऱ्या थापत होती. मी सांगितलं तसा तिचा हात परातीत थांबला.

"नको, अक्का. पकडलं तर आर्वीचंही नाव कापतील."

"कोण पकडतंय? बाईचीच थुंकी आहे. पंधरा वर्षं माझं उष्टं खाल्लंस, तेव्हा नको म्हणाली नाहीस. आता एकदा माझ्या उष्ट्यावर जगून दाखव."

मला वाटलं रडेल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "करपली."

सेविका आली. मी तिच्यापुढे भडंगाची ताटली आणि चहा ठेवला, शेजारणीच्या पोरीच्या लग्नाची गोष्ट काढली. प्रणालीने तोंडात काडी धरली ती सेविकेची. नळीत घातली ती माझी, पदराआड मिनिटभर गालात धरलेली. चार माणसांना वाढताना पाचव्याच्या ताटातली पोळी कशी काढून घ्यायची हे त्रेचाळीस वर्षं केलेल्या हाताला ही अदलाबदल काहीच जड नव्हती. सेविकेने शिक्का मारला आणि भडंगात शेंगदाणे जास्त घालता का, म्हणून विचारलं.

आकडा आला एकावन्न. प्रणालीचं नाव मंजूर झालं. विश्वजितला आम्ही सांगितलं नाही; त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने गल्लीत पेढे वाटले. मी मात्र त्या दिवसापासून प्रणालीकडे बघायला लागले. जिना चढताना ती कितव्या पायरीला थांबते, बोलताना वाक्य कुठे तुटतं. पंधरा वर्षं जी बाई माझ्या डोळ्यांसमोर होती ती मला दिसायला लागली, आणि दिसेल तितकी भीती वाटायला लागली.

---

मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर आला. पडद्यापलीकडे प्रणाली पडून होती. विश्वजितला आणि मला त्याने समजावून सांगितलं, फार गोड बोलत.

"ही धातूची झडप नाही, जिवंत आहे. पेशींपासून साच्यावर वाढवलेली. आम्ही ती शिवतो, मग चाळीस दिवस एक औषध देतो. ते औषध शरीराला सांगतं की वाढ, हिला धरून घे. शरीर धरून घेतं."

"आणि नाही धरलं तर?" विश्वजितने विचारलं.

"एकावन्नचं शरीर धरतंच. आकड्याप्रमाणे औषधाची मात्रा ठरते. साठीच्या पुढच्या शरीराला आम्ही हे देतच नाही. तरुण शरीर 'वाढ' म्हटलं की वाढतं. म्हातारं शरीर वाढायला गेलं की रक्तवाहिनी फाटते."

"चुकून दिलं तर?" हे मी विचारलं.

"चुकून कसं देऊ, आजी? आकडा आहे ना." तो हसला. "दिलंच तर पहिल्या दिवसात जाईल पेशंट."

विश्वजित त्याच्याबरोबर सह्या करायला गेला. मी बाकावर बसून राहिले. मी कधी कुणाला घाबरले नाही. एकदा तर दारू पिऊन आलेल्या मुकादमाला पळीने हाणलं होतं. पण त्या बाकावर मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले होते. सांगितलं तर झडप गेली. नाही सांगितलं तर प्रणाली गेली. आणि माझ्या डोक्यात तिसरंच येत होतं, ते लिहायला लाज वाटते. आकडे कधी कधी चुकतात, म्हणत होते मी मनाशी. कदाचित धरेल शरीर. कदाचित मला तोंड उघडावं लागणार नाही.

"अक्का." पडद्यामागून हाक आली.

मी आत गेले. प्रणालीने सगळं ऐकलं होतं. ओठ निळसर, पण डोळे शांत.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"नाव कापतील गं. मग काय राहिलं?"

"आफरीन म्हणाली होती, असं पण एखादं वर्ष निघेल. आज आत गेले तर आजच संपेल." ती दम घ्यायला थांबली. "ते वर्ष मला द्या. पण अक्का, त्या वर्षात मी पहिल्या पंगतीला बसणार. कामगारांच्याही आधी. आणि सुट्टीला आर्वी माझ्या शेजारी."

पंधरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी मान हलवली. मग जाऊन सांगितलं.

विश्वजित माझ्याकडे बघत राहिला, जणू मी घर पेटवून आले होते. योजनेचा साहेब चाळिशीतला, चष्मेवाला, टेकडीवरच्या माणसांसारखा तुकतुकीत. त्याने आरडाओरडा केला नाही. नियम वाचून दाखवला. ज्याच्या नावावर खोटा नमुना, त्याचं नाव एक वर्ष बंद, वर्षानंतर नव्याने चाचणी. ज्याने नमुना दिला, त्याचं नाव योजनेतून कायमचं बाद. कुठलंही औषध, कुठलंही ऑपरेशन. मरेपर्यंत.

"माझं कापा," मी म्हटलं. "पण हिचं वर्षभर कशाला? छत्तीस वर्षांची पोर आहे."

"आजी, झडपा थोड्या आहेत आणि माणसं फार." तो मनापासून समजावत होता, वाईट माणूस नव्हता. "कोणीतरी शेवटी राहणारच की."

हे माझंच बोलणं होतं. तोच सूर, तीच ताठ मान. फक्त पळी त्याच्या हातात होती.

---

आफरीनने आमची परीक्षा काय आहे ते नीट सांगितलं. जुने ठिपके जात नाहीत, पण अलीकडचे, कच्चे ठिपके पुसले जाऊ शकतात. पोटभर आणि वेळेवर अन्न, अखंड झोप, धूर बंद, आणि डोक्याला घोर नको. एकसष्टवरून पंचावन्नवर यायचं. "पण काळीज तेवढं थांबायला पाहिजे," ती म्हणाली. म्हणजे दोन घड्याळं लावलेली, एक मागे जायला हवं आणि दुसरं पुढे जाता कामा नये.

चाचणीची तारीख पडली एक जून.

प्रणाली सकाळी सातपर्यंत झोपायला लागली. अकराला मी तिचं ताट वाढायची, भाकरी, तूप, उसळ, दही. पहिले आठ दिवस तिच्या घशाखाली घास उतरेना. साठ माणसं जेवायची असताना आपण जेवायचं, हे तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. कामगार दाराशी येऊन थबकायचे.

"अक्का, सुनेची दृष्ट काढली काय?" शिवगोंडाने विचारलं.

"तुझी काढू? बस गप."

तिची जागा मी घेतली. पहाटे चारला विटा पेटवायला मी बसले, आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं की तो धूर डोळ्यांत जात नाही, तो छातीत जाऊन बसतो आणि दिवसभर उठत नाही. कोटा तेवढाच होता. प्रणालीच्या ताटात गेलेलं कुठून तरी कमी होणार. मी साडेतीनला जेवायला लागले. तेव्हा पातेल्यात काय असतं हे मी त्रेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. तळाला लागलेला भात, आमटीचं वरचं पाणी, आणि पळी तळाला घासते तो आवाज. तो आवाज रोज दुपारी माझ्या घरात होत होता आणि मी पलीकडच्या खोलीत आडवी पडलेली असायची.

जानेवारीत प्रणाली नळाशी कोसळली. ओठ जांभळे, नखं निळी. आफरीन धावत आली, दोन तास तिच्यापाशी बसली. त्यानंतर मी रोज दुपारी माझं ताट प्रणालीच्या खोलीच्या दाराशी घेऊन बसायची, श्वास ऐकत. एक श्वास आत, मग थांबणं, मग बाहेर. ते थांबणं कधी लांबलं की घास माझ्या हातातच राहायचा. आर्वी शाळेतून आली की आधी आईच्या छातीवर कान ठेवायची, मग दप्तर.

एक जूनला आम्ही दवाखान्यात गेलो. नकाशा तिथेच होता. लाल गल्ल्या आणखी गडद झाल्या होत्या की मलाच तशा दिसत होत्या, माहीत नाही. प्रणाली तीन पायऱ्या चढली, दोनदा थांबून. नळी मशीनमध्ये गेली, पाव तास गेला.

"पंचावन्न," आफरीन म्हणाली. मग पुन्हा एकदा पडद्यात बघून, "पंचावन्नच. चालतं, पंचावन्नपर्यंत चालतं."

विश्वजित भिंतीला टेकून रडला. औषध कमी मात्रेत द्यावं लागेल, धोका आहे, पण नाव मंजूर. पंधरा दिवसांत बोलावतील. प्रणालीने माझा हात धरला. तिची बोटं गार होती, पण पकड होती.

"अक्का, तुमचं पण बघू," आफरीन म्हणाली. "योजनेत नाही, नुसतं माझ्यासाठी. फार खोकताय."

मी काडी तोंडात धरली. मला वाटलं होतं, बावन्न. एका वर्षाला एक.

आकडा बघून आफरीनने मशीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. आकडा तोच राहिला. एकोणसाठ.

"आठ वर्षं?" मी म्हटलं. "एका वर्षात?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला पुढचा प्रश्न आधीच ऐकू आला.

"तुम्ही कधी जेवता, अक्का?"

---

घरी आलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी पातेलं खाली घेतलं, पळी फिरवली. माझ्या मनात हिशेब चालला होता. वर्षं कुठे नाहीशी होत नाहीत. प्रणालीच्या अंगावरून सहा उतरली ती माझ्या अंगावर येऊन बसली, वर दोन व्याज. टेकडीवर चौदा-चौदा वर्षं कमी आहेत, तीही कुणाच्या तरी अंगावर असतीलच.

समोर ताट ठेवल्याचा आवाज झाला. आर्वी. बारा वर्षांची, दोन वेण्या, आईसारखी हनुवटी. तिने स्वतःचं ताट माझ्या ताटाशेजारी लावलं आणि मांडी घातली.

"तू मघाशी जेवलीस न्हवं?"

"थोडंच. म्हटलं आज्जीबरोबर बसू. तू रोज एकटीच बसतेस शेवटी."

तिने माझ्या ताटातला करपलेला भात उचलून तोंडात घातला, हसत. पूर्वी आईबरोबर असंच बसायची. मी पळी खाली ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. कुणी मारलं नव्हतं. मायेनेच येऊन बसली होती ती त्या जागेवर, आणि मायेनेच बसली असती आयुष्यभर.

"ऊठ," मी म्हटलं.

"का गं आज्जी?"

"ऊठ म्हणते ना. थुंक तो घास."

ती घाबरून उठली. तिच्या आईच्या आजारपणातही ती माझ्याकडे बघून अशी घाबरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आर्वीला मी खेळायला बाहेर सोडलं नाही. बाराला मी पुढचं दार आतून लावलं आणि चार ताटं मांडली. प्रणाली, आर्वी, विश्वजित आणि मी. साठ वर्षांत या घराची सून आणि सासू एका वेळी जेवायला बसल्या नव्हत्या. आम्ही जेवायला लागलो. बाहेर दोन्ही पंगतींची गर्दी जमत होती. चपलांचे आवाज, खोकले, कुणीतरी दार वाजवलं, मग थांबलं. खिडकीच्या जाळीला तोंडं लागली. उन्हात साठ माणसं उभी राहून आमचे घास बघत होती.

माझं पोट भरलं. खूप दिवसांनी भरलं. मी हात धुतले, दार उघडलं. सगळ्यांत पुढे शिवगोंडा होता. एका वर्षात त्याच्या गालांची हाडं वर आली होती. बेचाळीसला सहासष्ट होता. आता किती असेल, मी विचारलं नाही.

"काय अक्का," तो हसत म्हणाला, "आज आम्ही शेवटी व्हय?"

"मग? कोणीतरी शेवटी..."

एवढंच तोंडातून गेलं. तो अजून हसत होता, पुढचं ऐकायला थांबला होता. त्याच्या मागे एकोणसाठ जण. माझ्या मागे पातेलं, रोजच्याएवढंच. त्यात चार ताटांचं कमी झालेलं मला न बघताही दिसत होतं.

मी पळी हातात घेऊन दारात उभी राहिले. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. पलीकडे टेकडीचं फाटक बंद होतं. पहिल्यांदा कुणाला वाढायचं, ते मला कळेना.